हिंदूरावचं रुग्णालय, निजामुद्दीनची बावली आणि आपल्या गावची बारव

दिल्लीत कुणालाही ‘हिंदूराव कुठे आहे?’ असं विचारा, तो तुम्हाला रुग्णालयाचा रस्ता दाखवेल. उत्तर दिल्लीत, रिजच्या टेकडीवर, महानगरपालिकेचं हे मोठं रुग्णालय. नऊशेहून जास्त खाटा, सकाळपासून केसपेपरसाठी रांगा, झाडाखाली डबे उघडून बसलेले पेशंटचे नातेवाईक. जवळच ‘बाडा हिंदूराव’ नावाची वस्तीही आहे. पण हा हिंदूराव कोण, हे विचारलं तर उत्तर क्वचितच मिळतं. कुणाला वाटतं एखादा जुना डॉक्टर असेल, कुणाला वाटतं देणगीदार शेठजी असतील.

तर हे हिंदूराव म्हणजे आपल्याकडचेच. कोल्हापूरजवळच्या कागलच्या घाटगे घराण्यातले हिंदूराव घाटगे. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई या त्यांच्या बहीण. रिजवरचा तो बंगला आधी विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा होता. 1835 मध्ये फ्रेझरचा गोळी घालून खून झाला आणि त्यानंतर हिंदूरावांनी बंगला विकत घेतला. 1857 मध्ये दिल्लीला वेढा पडला तेव्हा हिंदूराव हयात नव्हते, पण त्यांच्या बंगल्यात इंग्रजांची गुरखा पलटण मोर्चा धरून बसली होती आणि शहराकडून त्यावर तोफगोळे पडत होते. पुढे तिथे आजारी सैनिकांची सोय झाली, मग रुग्णालय आलं आणि ते आजतागायत चालू आहे.

गंमत म्हणजे, याच टेकडीवर बंगल्यापेक्षा चारपाचशे वर्षं जुन्या वास्तू आहेत. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात इथे शिकारखाना बांधला होता. त्याच्या काळातली बावली, म्हणजे पायऱ्यांची विहीर, रुग्णालयाच्या अगदी जवळ आहे. ‘पीर गैब’ नावाची जुनी दगडी इमारत आहे. मेरठहून आणलेला अशोकाचा स्तंभही तिथेच उभा आहे. फर्रुखसियरच्या काळात एका स्फोटात या स्तंभाचे पाच तुकडे झाले होते, ते जोडून 1867 मध्ये तो पुन्हा उभा केला गेला.

म्हणजे एकाच टेकडीवर जुन्या वास्तूच्या दोन तऱ्हा दिसतात. हिंदूरावांचा बंगला माणसांच्या उपयोगी पडत राहिला, त्यामुळे त्याचं नाव रोज हजारो लोकांच्या तोंडी आहे. पण उपयोगाच्या नादात त्यात इतकी भर पडत गेली, की मूळ बंगला आता शोधूनच काढावा लागतो. बावलीचं उलट झालं. ती संरक्षित आहे, तिला कुणी पाडू शकत नाही, पण तिचा कुणालाच उपयोग नाही. शेजारी रोज एवढी गर्दी असते, आणि त्या गर्दीला ती माहीतही नाही.

मला विचाराल तर दोन्ही तऱ्हा तोट्याच्याच. पण या दोघींच्या मधली एक वाट आहे आणि तिचं उदाहरण बघायला दिल्ली सोडावी लागत नाही.

निजामुद्दीनच्या बायका आणि त्यांचं स्वयंपाकघर

हजरत निजामुद्दीनच्या दर्ग्याजवळची बावली हिंदूरावच्या बावलीहूनही थोडी जुनी, 1321-22 च्या सुमाराची. तिला अजून जिवंत झरे आहेत आणि भाविक तिचं पाणी पवित्र मानतात. भोवती बस्ती इतकी दाट, की घरं थेट बावलीच्या भिंतींवर चढली होती. 2008 च्या पावसाळ्यात बावलीची एक बाजू कोसळली.

त्याच्या आदल्याच वर्षी, 2007 मध्ये, आगा खान ट्रस्ट फॉर कल्चर, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग आणि दिल्ली महानगरपालिका यांनी मिळून या परिसराचं काम हाती घेतलं होतं. बावलीतला शतकानुशतकांचा गाळ माणसांनी हाताने उपसला. भिंती सावरल्या. वर राहणाऱ्या कुटुंबांना नुसतं हाकललं नाही, त्यांची पर्यायी घरांची सोय केली गेली.

पण या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट दगडाची नाहीच. तिथे बावलीबरोबर महापालिकेची प्राथमिक शाळा सुधारली, दवाखाना सुधारला, स्वच्छतागृहं बांधली. बायकांना मोकळेपणी बसता यावं म्हणून फक्त त्यांच्यासाठी ‘पर्दा बाग’ तयार झाली. बस्तीतली मुलं पाकिटातल्या खाऊवर दिवस काढतात आणि कुपोषित राहतात हे लक्षात आल्यावर, तिथल्याच काही बायकांनी 2012 मध्ये घरगुती, पौष्टिक खाऊ करून विकायला सुरुवात केली. त्यांचा ‘जायका-ए-निजामुद्दीन’ हा गट पुढे बस्तीतले पारंपरिक पदार्थ बनवून बाहेरच्या ऑर्डरी घेऊ लागला. दुसऱ्या गटाच्या बायका भरतकाम आणि कागदाच्या कातरकामाच्या वस्तू करतात. बस्तीतलीच तरुण मुलं पाहुण्यांना जुन्या वास्तू फिरवून दाखवतात. 2021 मध्ये युनेस्कोने आशिया-पॅसिफिक विभागातला वारसा जतनाचा सर्वोच्च पुरस्कार या कामाला दिला.

आता विचार करा, ज्या बाईच्या घरात या परिसरामुळे चार पैसे येतात, ती त्या बावलीत कचरा टाकू देईल का? पाटी लावून, दंड ठेवून जे होत नाही ते इथे आपोआप होतं.

हिंदूरावच्या टेकडीवर असं काही होऊ शकेल? तिथे दर्गा नाही, दाट बस्ती नाही. पण दिवसभर ताटकळणारे नातेवाईक आहेत आणि सकाळी रिजवर फिरायला येणारे लोक आहेत. त्यांना सावली, बाक, पिण्याचं पाणी आणि चार ओळींची माहिती मिळाली, तरी बावलीकडे पावलं वळतील. हे सगळं सरकारी खात्यांच्या परवानगीनेच होणार, कारण संरक्षित वास्तूपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी असते आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. पण बाक ठेवायला इमारत बांधावी लागत नाही.

महाराष्ट्रात नियमाची अडचण नाही, माणसांची आहे

देशभरात केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली असलेली स्मारकं आहेत सुमारे 3,700. राज्यांची यादी वेगळी. तरीही गावातली बारव, चावडी, धर्मशाळा, नदीचा घाट, वाडा, वेस यातलं बहुतेक कुठल्याच यादीत नसतं. ते टिकलं तर गावाने टिकवलं म्हणून टिकतं.

बारवेचंच बघा. आपल्याकडे पायऱ्यांच्या विहिरीला बारव, पायविहीर, पुष्करणी अशी नावं आहेत. प्रवेश किती बाजूंनी आहे यावरून जुन्या ग्रंथांत नंदा, भद्रा, जया, विजया असे प्रकारही सांगितले आहेत. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर अनेकांनी पाहिली असेल. शाहू महाराजांच्या काळात, 1719 ते 1724 दरम्यान, वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. सुमारे 110 फूट खोल आणि 50 फूट रुंद. विहिरीतच वर छोटासा महाल आहे आणि मोटांनी उपसलेलं पाणी आमराईला जायचं. बायकांनी बांधून घेतलेलं पाणवठ्याचं काम म्हटलं की अहिल्याबाई होळकरांचं नाव आधी येतं, पण अशा वीरूबाईही होत्या.

मग या बारवा ओस का पडल्या? नळ आले, बोअरवेल आल्या, हे कारण सगळ्यांना माहीत आहे. दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. ते म्हणजे नारू. पायऱ्या उतरून माणूस पाण्यात उभा राहिला की त्याच्या पायातल्या जखमेतून नारूच्या अळ्या पाण्यात जायच्या आणि तेच पाणी पिणाऱ्यांना तो रोग व्हायचा. त्यामुळे नारू निर्मूलनाच्या मोहिमेत पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं किंवा त्यांना कठडा बांधून वरून पाणी शेंदायची सोय करणं, हे ठरवून केलं गेलं. 2000 मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. ते काम गरजेचंच होतं. पण वापर थांबला तशी देखभाल थांबली आणि देखभाल थांबली तशी गावाला कचरा टाकायला हक्काची जागा मिळाली.

गेल्या काही वर्षांत हे चित्र थोडं बदलतंय. मुंबईचे रोहन काळे यांनी मोटरसायकलवरून राज्यभर हिंडून बारवांच्या नोंदी करायला सुरुवात केली. त्यातून ‘महाराष्ट्र बारव मोहीम’ उभी राहिली आणि हजाराहून जास्त बारवा नकाशावर आल्या. गावोगावच्या तरुणांनी झुडपं तोडली, गाळ काढला. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या वालूर गावात चक्राकार पायऱ्यांची देखणी बारव आहे, तीही गावकऱ्यांच्या श्रमदानातून मोकळी झाली. महाशिवरात्रीला बारवेत दिवे लावायची प्रथा या मोहिमेने अनेक गावांत सुरू केली. फोटो सुंदर येतात हे खरं. पण त्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी बारव झाडून निघते, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

तुमच्या गावी असं काही करायचं असेल तर घाईने पायऱ्या उतरू नका. आधी ग्रामपंचायतीला विचारा आणि वास्तू संरक्षित यादीत आहे का ते बघा. असेल तर पुरातत्त्व खात्याशिवाय हात लावता येत नाही. वर्षानुवर्षं बंद असलेल्या विहिरीत विषारी वायू साठलेला असू शकतो, सापही असतात, त्यामुळे जाणकार माणूस बरोबर हवाच. निघालेला गाळ शेतकरी आनंदाने नेतात. पाणी स्वच्छ दिसलं तरी तपासल्याशिवाय पिऊ नका. झाडांना, गुरांना, धुण्याला ते चालेल. आणि कृपा करून दगडावर ऑइलपेंट मारू नका. देवळांच्या शिखरांवर काय झालंय ते आपण पाहतोच!

सिमेंट नव्हे, चुना

जुन्या भिंतीला तडा गेला की गवंडी पहिलं नाव सिमेंटचं घेतो. जुनी दगड-विटांची भिंत पावसात ओल शोषते आणि उन्हात ती बाहेर टाकते. चुन्याचा गिलावा तिला हे करू देतो. सिमेंट ओल आतच कोंडतं. मग क्षार साठतात, दगडाचे पापुद्रे सुटतात आणि दुरुस्तीनंतर काही वर्षांत भिंत आधीपेक्षा वाईट दिसते. दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्याची दुरुस्ती झाली तेव्हा विसाव्या शतकात छतावर ओतलेलं सुमारे 10 लाख किलो काँक्रीट आधी काढावं लागलं होतं.

आपल्याकडे घाणीत मळलेल्या चुन्यात गूळ, बेलफळ, उडीद, ताग घालत. हे जाणणारे गवंडी कमी उरलेत, पण आहेत. वारसा जतनाचं काम करणाऱ्या वास्तुरचनाकारांकडे त्यांचे पत्ते मिळतात. खर्च थोडा जास्त येतो, वेळही जास्त लागतो, कारण चुना हळूहळू घट्ट होतो.

आता राहिला आपल्या घरचा प्रश्न, म्हणजे गावचा वाडा. इथे खरी अडचण चुन्याची नसतेच. मिळकतीच्या कागदावर वीस वारसांची नावं असतात. एक भाऊ पुण्याला, एक बहीण नागपूरला, पुतण्या परदेशात. कुणालाच राहायचं नसतं आणि कुणालाच सोडायचंही नसतं. शहरातल्या वाड्यांत जुन्या भाडेकरूंचं भाडं इतकं नाममात्र, की त्यातून छपरावरची कौलंही येत नाहीत. अशा वेळी ‘वारसा जपा’ असं बाहेरून सांगणं सोपं असतं. घरमालकालाही त्यातून काही मिळायला हवं.

पूर्ण वाडा सावरणं जमत नसेल तर पुढची ओसरी आणि माजघर एवढंच धरा. कुठे तिथे मुलांची अभ्यासिका चालू शकते, कुठे बचत गटाचं पापड-लोणच्याचं काम, कुठे आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरांचा दवाखाना. पर्यटक येत असतील तर दोन खोल्या पाहुण्यांना देता येतात. आणि पाडायचंच ठरलं असेल तर आधी घरातल्या मुलांना मोबाइल घेऊन कामाला लावा. प्रत्येक खोली, खांब, कोनाडा, दाराची कडी यांचे फोटो, टेपने घेतलेली मापं, आणि आजी-आजोबांकडून कुठल्या खोलीला काय म्हणायचे ते रेकॉर्ड करून ठेवा. सागवानी दारं आणि खांब भंगारात देऊ नका, ते नव्या घरात बसवता येतात.

हे सगळं बोलायला निवांत वेळ लागतो. गणपतीत सगळे एकत्र जमतात खरे, पण तोवर पावसाळा निम्मा उलटलेला असतो आणि छपराचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. त्यामुळे वीस वारसांचा व्हॉट्सअॅप ग्रुप असेलच, तर त्यावर उन्हाळ्यातच एक मेसेज टाका: यंदा कौलं शाकारायला कोण जाणार आणि वर्गणी किती.