पुराची पिशवी : टॉर्चच्या आधी रोजच्या गोळ्या

२६ जुलै २००५ चा पाऊस ठाणे-कल्याणकरांना सांगावा लागत नाही. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, उल्हास आणि वालधुनी नद्यांचे पाणी बदलापूरपासून कल्याणपर्यंत घराघरांत शिरले. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत नदीकाठच्या चाळीतल्या एक आजी आल्या. धाप लागलेली, पाय सुजलेले, रक्तदाब खूप वाढलेला. ''आजी, गोळ्या कोणत्या चालू होत्या?'' असे विचारल्यावर म्हणाल्या, ''एक पांढरी, एक गुलाबी. डबा पाण्यात गेला, कागदही गेला. आता नाव कुठनं सांगू, डॉक्टर?''

आजींना पुराने इजा केली नव्हती. तीन दिवस गोळ्या चुकल्या, एवढेच झाले होते. पण तेवढ्याने त्या अतिदक्षता विभागात पोहोचल्या.

पावसाळ्याची तयारी म्हटली की आपल्याला टॉर्च, मेणबत्त्या, बिस्किटे आठवतात. तीही हवीतच. पण मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयविकार यांपैकी काहीतरी आता जवळपास प्रत्येक घरात आहे. म्हणून पिशवी भरताना पहिला मान रोजच्या औषधांचा.

ही पिशवी आधीच भरून ठेवावी लागते, कारण आपल्याकडे पाणी चढायला वेळ लागत नाही. मुसळधार पाऊस आणि खाडीची भरती एकाच वेळी आली, की नदी-नाल्यांचे पाणी खाडीत उतरत नाही, उलट मागे फुगते. मग तास-दोन तासांत तळमजला पाण्याखाली जातो. त्या घाईत माणूस कागदपत्रे आणि दागिने उचलतो, गोळ्यांचा डबा फ्रिजवरच राहतो.

पिशवीत घरातल्या प्रत्येकाची किमान सात दिवसांची, जमल्यास पंधरा दिवसांची औषधे ठेवा. गोळ्या मूळ पाकिटातच असू द्या, म्हणजे नाव आणि मुदत दिसेल. सोबत एका कागदावर रुग्णाचे नाव, आजार, औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि ॲलर्जी लिहा. हे सगळे चेनच्या प्लास्टिक पिशवीत बंद करा. फिट्सच्या गोळ्या, इन्सुलिन, हृदयाची औषधे आणि दम्याचा पंप यांत एक दिवसाचाही खंड महागात पडू शकतो. डायलिसिसच्या रुग्णांनी रस्ते बंद झाल्यास काय करायचे, हे आपल्या केंद्रात जूनपूर्वीच विचारून ठेवावे.

वीज गेली की इन्सुलिनची काळजी वाटते. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिन ३० अंशांपर्यंतच्या तापमानात साधारण चार आठवडे टिकतात. आपल्या बाटलीवरची सूचना वाचून घ्या. मडक्यात ओली वाळू घालून त्यावर झाकणबंद डब्यात बाटली ठेवली तरी चालते. बर्फात मात्र ठेवू नका, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. पुराचे पाणी लागलेले कोणतेही औषध टाकून द्या.

दुसरा मान पाण्याचा. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज तीन लिटर धरा. चार माणसांना तीन दिवसांसाठी ३६ लिटर लागतील. नळाचे पाणी गढूळ आले तर गाळून, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळा. गॅस नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावरील प्रमाणानुसार वापरा. ओआरएसची आठ-दहा पाकिटे ठेवा. ती संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते. मीठ अंदाजाने वाढवू नका.

पूर ओसरल्यावर खरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. २००५ च्या पुरानंतर मुंबईत या आजाराची मोठी साथ आली होती. उंदीर आणि जनावरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे शरीरात जातात. म्हणून पिशवीत साबण, जंतुनाशक मलम, बँडेज आणि दाराशी गमबूट हवेत. पाण्यातून चालून आलात तर पाय साबणाने धुवा आणि प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना लगेच विचारा. ती मनाने घेऊ नका, गर्भवती आणि लहान मुलांना ती चालत नाही. पुढच्या महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर 'मी पाण्यातून चाललो होतो' हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यावरून निदान लवकर होते.

बाकी टॉर्च, पॉवर बँक, शिट्टी, जादा चष्मा, सॅनिटरी पॅड, कागदपत्रांच्या प्रती आणि कागदावर लिहिलेले क्रमांक: रुग्णवाहिका १०८, पोलीस व तातडीची मदत ११२, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७. पाणी उंबऱ्याशी आले की आधी मुख्य स्विच बंद करा. हात ओले असतील किंवा पाण्यात उभे असाल तर मात्र स्विचला हात लावू नका.

लोकलने जाणाऱ्यांनी एक छोटी पिशवी सोबतही ठेवावी. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि सुमारे १०५० प्रवाशांना दुसऱ्या दिवशी बाहेर काढावे लागले. दोन दिवसांच्या गोळ्या, पाणी आणि थोडा खाऊ एवढे ऑफिसच्या बॅगेत मावते.

अक्षय तृतीयेला पिशवी भरा, दिवाळीच्या साफसफाईत उघडून मुदत संपत आलेली औषधे बदला. आणि सगळे आज जमणार नसेल, तर घरातल्या ज्येष्ठांच्या औषधांची यादी तेवढी आज रात्री कागदावर उतरवा, तिचा फोटो काढून मुलांच्या फोनवर पाठवा. त्या आजींकडे तो एक कागद असता, तर आमचा निम्मा वेळ वाचला असता.