अडलेली शाई, अडकलेली हवा

जुनं पेन लिहीत नसलं की आपण ते झटकतो. फरशीवर ठिपके पडतात, पेन दोन ओळी लिहितं आणि पुन्हा अडतं. दोष आपण शाईला देतो, पण तो बऱ्याचदा हवेचा असतो. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार अडखळत येते, म्हणून दुकानदार समोरच्या कोपऱ्यात दुसरं पाडतो. पेनाला मात्र शाई बाहेर सोडणं आणि हवा आत घेणं ही दोन्ही कामं एकाच वाटेनं करावी लागतात.

लुईस वॉटरमननं 1884 मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं ते याच कामासाठी. निबखालच्या जिभेला त्यानं एक खाच दिली आणि खाचेच्या तळाशी बारीक चिरा. चिरांतून शाई उतरते, तिच्या जागी हवा वर चढते. करारावर शाई सांडली म्हणून या विमा एजंटानं पेन शोधलं, ही गोष्ट रंगवून सांगितली जाते. तिला पुरावा फारसा नाही.

कारध्यात, म्हणजे भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की लागणाऱ्या गावात, कुणाच्या घरी आजोबांचं पेन निघालं तर पहिला उपाय साधं पाणी. निब आणि जीभ रात्रभर गार पाण्यात ठेवायची, पाणी निळं व्हायचं थांबेपर्यंत बदलत राहायचं. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरनं. स्पिरिट नको, त्यानं सेल्युलॉइड बिघडतं. जुन्या एबोनाइटचा, म्हणजे कठीण रबराचा, दांडा तर पाण्यात बुडवायचाच नाही. उन्हानं जुनावलेला काळा रंग ओलाव्यानं मातकट होतो. आणि पेनात कुणी ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई भरली असेल, तर ती पाण्यानं सुटणार नाही, एवढं धरून चालावं.

धुऊनही पेन कोरडंच राहिलं तर भिंग घ्यावं. निबच्या दोन पात्यांमध्ये कागदाचा तंतू किंवा वाळलेली शाई अडकलेली दिसते. ती काढायला पितळेचा अगदी पातळ पत्रा लागतो; पितळी भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात पितळेची ओळख करून द्यायला नको. ब्लेडची पाती मात्र घालू नये, सोन्याच्या निबवर त्यानं चरे पडतात. पाती स्वच्छ असूनही शाई येत नसेल तर निब आणि जीभ यांच्यात फट पडलेली असते. एबोनाइटची जीभ कढत पाण्यात काही क्षण धरली की मऊ पडते, मग ती निबला बोटानं दाबून गार होऊ द्यायची. ही माझ्या मते सगळ्या दुरुस्तीतली सर्वात सुखाची पायरी.

खटक्याच्या, म्हणजे बाजूची दांडी उचलून शाई ओढणाऱ्या पेनांत आत रबराची पिशवी असते. जुनं रबर कडक होऊन चुरतं किंवा चिकट होतं. ते बदलण्याला पर्याय नाही. नवी पिशवी चिकटवायला जगभरचे कारागीर लाखच वापरतात. पळसावर होणारी ही लाख या जंगलपट्ट्याला परकी नाही. ती घट्ट धरते आणि थोड्या उष्णतेनं सोडतेही, म्हणून पुढच्या दुरुस्तीला पेन उघडतं. तिच्या जागी इन्स्टंट गोंद लावणाऱ्यांनी कितीतरी पेनं कायमची बंद केली आहेत.

ड्रॉपरनं भरायच्या पेनाची तक्रार उलटी असते. ते अडत नाही, ओकतं. शाई निम्म्याखाली गेली की दांड्यात हवा जास्त उरते, हाताच्या उबेनं ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. विदर्भातल्या मे महिन्यात हे हमखास होतं. अशा वेळी निब घासू नये, जीभही बदलू नये. दांडा काठोकाठ भरावा आणि पेन खिशात निब वर करून ठेवावं.