गडाची शेतं मामलतदाराकडे गेली तेव्हा

1844 च्या पावसाळ्यात गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर गडकऱ्यांनी दरवाजे आतून लावून घेतले. भुदरगडावरही तेच झालं. कारण विचारलं तर आपण सवयीने ‘इंग्रजांविरुद्धचा उठाव’ म्हणून मोकळे होतो. ते खोटं नाही, पण या भांडणाचं मूळ शेतसाऱ्याच्या वहीत होतं.

गडकरी हे पिढीजात शिबंदीचे लोक. गड राखायचा आणि त्याबद्दल गडाकडे लावून दिलेल्या जमिनीवर जगायचं, ही शिवकाळापासूनची रीत. त्या जमिनींचा कारभार गडावरूनच चाले, बाहेरच्या कारकुनाचा त्यात हात नसे. 1838 मध्ये कोल्हापूरचे शहाजी ऊर्फ बुवासाहेब महाराज वारले. गादीवर आलेले बाबासाहेब अल्पवयीन होते आणि राजवाड्यातल्या कारभारावर इंग्रज नाराज होते. त्यांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमलं. दाजी पंडितांनी खर्चाला कात्री लावली आणि गडाच्या जमिनी मामलतदारांच्या ताब्यात दिल्या. कागदावर ही सुधारणाच होती. गडकऱ्याला मात्र त्यात पुढचं पाऊल दिसलं: आज जमीन मामलतदाराकडे, उद्या आपण गडाखाली.

त्याच सुमारास स्पेनमध्येही असंच काही घडून गेलं होतं. 1833 मध्ये राजा फर्डिनंड वारला, मुलगी इसाबेल जेमतेम तीन वर्षांची. राणी मारिया क्रिस्टिना तिच्या नावाने कारभार पाहू लागली आणि राजाचा भाऊ डॉन कार्लोस गादीवर हक्क सांगत उभा राहिला. नाव वारसाचं होतं, पण त्याच्यामागे गेलेल्या बास्क डोंगराळ मुलखातल्या अनेकांना काळजी होती ती आपल्या जुन्या स्थानिक हक्कांची, माद्रिदच्या कारकुनांपासून. तिथेही इंग्रज दरबाराच्याच बाजूने होते. 1836 च्या नाताळच्या आदल्या रात्री लुचानाच्या लढाईत राणीचा सेनापती एस्पार्तेरो याने कार्लोसवाल्यांचा बिल्बाओला पडलेला वेढा उठवला, तेव्हा इंग्रजी आरमार त्याच्या मदतीला होतं.

इकडे बेळगावहून फौज आली. जनरल डेलामोट आणि पाठोपाठ कर्नल आउट्रम आल्यावर 13 ऑक्टोबरला सामानगड पडला. जांभ्याच्या पठारावरचा, पोटात कोरीव विहिरी असलेला हा गड; आत पाणी होतं, पण बाहेरच्या तोफांवर उपाय नव्हता. कोल्हापूर शहरातही शिबंदी बिथरली होती, खुद्द दाजी पंडितच कैदेत पडले होते. तिथून बंडवाले पन्हाळ्यावर गेले. साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हान्स वाटेत त्यांच्या हाती लागले आणि पन्हाळ्यावर कोंडले गेले. कंपनीचा एवढा मोठा अंमलदार ओलीस धरणं ही बंडवाल्यांची सगळ्यात धाडसी चाल, पण तिचा फायदा त्यांना उठवता आला नाही. ओव्हान्स सुटले आणि 1 डिसेंबरला तटाला खिंडार पाडून पन्हाळा घेतला गेला. पुढारी बाबाजी आहिरेकर पडले. बंडाची झळ शेजारच्या सावंतवाडीलाही लागली, तिथे मनोहर-मनसंतोष गडांवर लढाई झाली.

फरक दिसतो तो शेवटात. स्पेनमध्ये 1839 च्या ऑगस्टअखेर बेर्गारा इथे एस्पार्तेरो आणि कार्लोसचा सेनापती मारोतो यांनी गळाभेट घेऊन तह केला. बास्कांचे जुने हक्क निदान काही काळ तरी टिकले. कोल्हापुरात तह करायला समोर बरोबरीचा कोणी मानलाच गेला नाही. पिढीजात शिबंद्या मोडल्या, तटबंद्या पाडल्या. पन्हाळ्याचा चार दरवाजा याच सुमारास गेला; तीन दरवाजा वाचला म्हणून आज फोटो काढायला तरी आहे.

राज्याचा कारभार इंग्रज सुपरिंटेंडेंटकडे गेला, तो बाबासाहेबांना परत मिळाला 1862 मध्ये. आणि बंड मोडायला आलेला खर्च? तो कंपनीने कोल्हापूर दरबाराच्याच नावावर कर्ज म्हणून टाकला.