सर्किट-बोर्डाचा नकाशा

राहुरी-नेवाशाकडील उसाच्या मळ्यात विहिरीवर मोटार असते, आणि तिच्या स्टार्टरपाशी पुष्कळदा एक लहानसा सर्किट-बोर्ड असतो. तीन फेजांपैकी एक गेला, तर मोटार जळण्यापूर्वी ती बंद करणे हे त्याचे काम. हा बोर्डच बिघडला म्हणजे? गेलेला भाग दोन रुपयांचा असला, तरी नकाशा जवळ नसल्यामुळे दुरुस्ती अडते आणि सबंध बोर्ड बदलावा लागतो. म्हणून हा नकाशा काढण्याची विद्या आपल्या तरुणांस येणे अगत्याचे आहे.

पूर्वी रेडिओच्या पोटात तारांचे जंजाळ असे. पाउल आइसलर या व्हिएन्नात जन्मलेल्या अभियंत्याने 1936 च्या सुमारास लंडनमध्ये छापील सर्किटाचा रेडिओ बनविला. तत्त्व सोपे आहे. वीज न वाहणाऱ्या फळीवर तांब्याचा पातळ थर बसवावयाचा. तो बहुधा 35 मायक्रॉन जाडीचा असतो. हव्या त्या रेषा झाकून उरलेले तांबे रसायनाने काढून टाकले, की त्या रेषाच तारांचे काम करतात.

या रेषा आखण्यासाठी ‘किकॅड’ नावाची संगणक-प्रणाली आहे. झां-पिएर शारास या फ्रेंच अध्यापकाने 1992 मध्ये तिचा आरंभ केला. पुढे जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन-संस्थेनेही तिला हातभार लावला. ती मुक्त आहे. म्हणजे केवळ फुकट नव्हे. ती आतून पाहण्याची, बदलण्याची व दुसऱ्यास देण्याचीही मोकळीक आहे. मुंबईच्या आय. आय. टी.तील ‘फॉसी’ प्रकल्पाने किकॅडचाच आधार घेऊन ‘ई-सिम’ तयार केली आहे. तिच्यात सर्किट चालेल की नाही, हे आधी संगणकावरच अजमावता येते.

काम क्रमाने करावे. प्रथम कोणता भाग कोणास जोडावयाचा, याची आकृती काढावी. मग प्रत्येक भागाच्या पायांचे खरे माप निवडावे, भाग फळीवर मांडावेत आणि रेषा ओढाव्यात. शेवटी प्रणालीकडून तपासणी करून कारखान्यासाठी ‘गर्बर’ फायली काढाव्यात. तत्पूर्वी नकाशा मूळ मापात कागदावर छापून त्यावर खरे भाग ठेवून पाहावेत. चुकलेले माप तेथेच उघडे पडते.

मात्र एक सावधगिरी हवी. दोन रेषांत किती अंतर असावे, हे संगणक आपण घालून दिलेल्या नियमावरूनच तपासतो. स्टार्टरमध्ये 415 व्होल्टचा दाब असतो. तेथे नियम चुकला, तर ‘तपासणी ठीक’ असे उत्तर मिळूनही माणसाच्या जिवावर बेतेल. म्हणून नवशिक्याने आरंभी बॅटरीवर चालणारे बोर्डच करावेत, आणि पुढेही जाणत्याच्या नजरेखालून घातल्यावाचून मळ्यात काही बसवू नये.

असा बोर्ड सिद्ध झाला, की त्याची आकृती व भागांची यादी पेटीबरोबरच द्यावी. मग तालुक्यातील दुरुस्ती करणारासही गेलेला भाग हुडकता येईल, आणि ऐन पाणी देण्याच्या वेळी शेतकऱ्याचा खोळंबा होणार नाही.