गर्दीचं नियोजन – लेखांक 5 : पहाटे चार ते सात

मागच्या आठवड्यात आपण मुक्कामाच्या गावात पिण्याचं पाणी कसं पोचवतात ते पाहिलं. माणसाला पाणी पाजलं की पुढचा प्रश्न काही तासांत उभा राहतो, आणि त्याबद्दल बोलायला मात्र कुणी राजी नसतं. आज फिरत्या शौचालयांचा हिशेब मांडू. उदाहरण आषाढी वारीचंच घेऊ, कारण उघड्यावरच्या कुठल्याही मोठ्या मेळाव्यात येणाऱ्या अडचणी वारीत एकत्र भेटतात: रोज बदलणारी जागा, पाऊस, वयस्क माणसं आणि गावाच्या लोकसंख्येच्या कैक पट पाहुणे.

2015 च्या सुमारास ‘निर्मल वारी’ हा उपक्रम सुरू झाला आणि पालखीच्या मुक्कामांवर फिरत्या शौचालयांच्या रांगा दिसू लागल्या. त्याआधी परसाकडे जायचं म्हणजे शेताचा बांध, ओढ्याचा काठ किंवा रस्त्याची कड. पालखी पुढे जायची आणि घाण गावाकडे राहायची. पहिल्या पावसात ती विहिरीत आणि ओढ्यात उतरायची.

किती शौचालयं लागतील, हा पहिला प्रश्न. एखाद्या तळावर दहा हजार माणसं उतरली आहेत असं धरू. एका माणसाला सरासरी सहा मिनिटं लागतात असं मानलं, तर एका भांड्यावर तासाला दहा आणि दिवसरात्र मिळून 240 माणसं जाऊ शकतात. म्हणजे बेचाळीस भांडी पुरतील, असं कागद सांगतो. प्रत्यक्षात दिंडी उजाडता उजाडता चालू लागते आणि सगळ्यांची घाई पहाटे चार ते सात या तीन तासांत असते. तेवढ्या वेळात एका भांड्यावर तीसच माणसं होतात. बेचाळीसच्या जागी 334 भांडी लागतात. दिवसाच्या सरासरीवर आखलेली व्यवस्था पहाटे पाचला कोलमडते, आणि रांगेत थांबणं अशक्य झालेला माणूस सरळ शेताकडे वळतो. त्याला शिस्त नाही असं म्हणणं अन्याय आहे. त्याला जागा मिळालेली नाही.

स्त्रियांचा हिशेब वेगळा करायला हवा. नऊवारी किंवा सहावारी सावरून आत जाऊन बाहेर यायला जास्त वेळ लागतो, आणि पुरुषांसारखी उघड्यावर उरकण्याची सोय त्यांना नाही. आपत्तीनंतरच्या छावण्यांसाठी जगभर वापरली जाणारी ‘स्फिअर’ मानकं स्त्रियांसाठी तीन आणि पुरुषांसाठी एक असं प्रमाण सुचवतात. आपल्याकडे अजून निम्मी-निम्मी वाटणी न्याय्य समजली जाते. ती न्याय्य नाही. जागेची खात्री नसली की बाया दुपारपासूनच पाणी पिणं कमी करतात, आणि दिवसभर उन्हापावसात चालणाऱ्या शरीराला ते झेपत नाही. म्हणून वाटेवर आणि आतही दिवा, आतून नीट लागणारी कडी, वापरलेले पॅड टाकायला झाकणाचा डबा या गोष्टी शौचालयाच्या किमतीतच धरायला हव्यात.

वयाचंही तसंच. फिरत्या शौचालयाची टाकी भांड्याच्या खालीच असते, त्यामुळे जमिनीपासून दोन पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघे धरलेल्या आजीला त्या पायऱ्या आणि आतलं उकिडवं बसणं दोन्ही अवघड. दर रांगेत थोडी कमोडची शौचालयं आणि हाताला धरायला दांडा हवाच.

आता टाकीकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पाश्चात्त्य देशांतल्या अशा खोक्यांत साधारण 225 लिटरची टाकी असते. तिथे कागद वापरतात, पाणी जवळजवळ नाही, त्यामुळे ती बराच काळ पुरते. आपल्याकडे धुण्याचं आणि ओतायचं पाणी धरून माणशी तीन लिटर टाकीत जातात. तीच टाकी पंचाहत्तर वापरांत भरते. एका पहाटेला तीस वापर, म्हणजे एका रात्रीच्या मुक्कामाला ती पुरेल. पण सासवडला माउलींची पालखी दोन रात्री थांबते. दोन पहाटा आणि मधला अख्खा दिवस धरला, तर मध्येच उपसा न केल्यास टाकी वर येणारच.

शौचालय भाड्यानं आणणं त्यामानानं सोपं. खरं काम मैला उपसणाऱ्या गाडीचं. दहा हजार माणसांचे तीन-तीन लिटर म्हणजे एका पहाटेचे तीस हजार लिटर. पाच हजार लिटरच्या गाडीच्या सहा खेपा. त्या ओतायच्या कुठे? वाई आणि सिन्नरसारख्या गावांनी मैल्यावर प्रक्रिया करणारी केंद्रं उभी केली आहेत. वाटेवरच्या प्रत्येक छोट्या मुक्कामाजवळ तशी सोय नसते, म्हणून गाडी किती लांब जाऊन किती वेळात परतेल हे आधी ठरवावं लागतं. ते ठरलं नसेल, तर गाडी कुठल्या तरी ओढ्याला लागेल, आणि मग ही सगळी खटपट कशासाठी?

जागा निवडताना आषाढातला वारा ध्यानात घ्यावा. तो पश्चिमेकडून येतो, म्हणून रांगा तंबूंच्या पूर्वेला हव्यात. विहिरीपासून तीस मीटर तरी लांब, पण तंबूंपासून पन्नास मीटरच्या आत, नाहीतर अंधारात कुणी जाणार नाही. काळ्या मातीत कधीही नको: एक सर आली की उपसणारी गाडी रुतते. मुरमाड, उंचवट्याची आणि रस्त्याला लागून असलेली जागा गावकऱ्यांना विचारून निवडावी. पावसाचं पाणी कुठे तुंबतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

वारीत आणखी एक पेच असतो. पालखी ज्या रस्त्यानं जाते तोच शौचालयांच्या ट्रकचा रस्ता. पालखी दिवे घाटात असताना ट्रकनं मागून यायचं ठरवलं, तर तो वारकऱ्यांच्या नंतर पोचेल. म्हणून दोन संच लागतात. पालखी आज ज्या गावी आहे तिथे एक, उद्याच्या गावी दुसरा आदल्या दिवशीच उभा. पालखी हलली की पहिला संच उपसून, धुऊन, दुसऱ्या गावाला ओलांडून तिसऱ्या गावी न्यायचा. भरलेल्या टाक्या घेऊन ट्रक हलवता येत नाहीत, त्यामुळे उपसणारी गाडी उशिरा आली की पुढचे सगळे मुक्काम अडकतात.

हे उपसणं-धुणं करणाऱ्या माणसांचं नाव नियोजनाच्या तक्त्यात क्वचितच असतं. हातानं मैला उचलायला लावणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. तुंबलेलं भांडं हातानं मोकळं करायला सांगणं, गाडी आली नाही म्हणून बादलीनं उपसायला लावणं ही गोष्ट पहाटेच्या गडबडीत सहज घडते आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. त्यांना गमबूट, हातमोजे, साबण, पाळीनुसार विश्रांती आणि ठरलेली मजुरी मिळाली पाहिजे. एका माणसाकडे किती शौचालयं, हे आकड्यात लिहून ठेवावं, आणि तो आकडा आधी त्यांच्यातल्याच कुणाला तरी विचारावा.

(पुढील आठवड्यात : तळावरचा स्वयंपाक आणि उरलेलं अन्न)