शर्यतीच्या गाड्यांची कुळकथा (लेखांक ६) : लोखंड बदलले, गाडी तीच?

चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि नोंदणीचे जुने लॉगबुक एकमेकांशी कसे ताडून पाहायचे, ते आपण मागच्या आठवड्यात पाहिले. आपल्या घरच्या गाडीच्या आरसी बुकात एकदा लिहिलेला इंजिन क्रमांक बहुधा तिला जन्मभर पुरतो. शर्यतीच्या गाडीचे तसे नसते. मोसम बदलला की इंजिन बदलते, अपघात झाला की ॲक्सल आणि बॉडी बदलते, प्रसंगी चासीही. मग पन्नास-साठ वर्षांनी तिची ओळख पटवायची कशावरून? लंडनच्या उच्च न्यायालयाने जुलै १९९० मध्ये दिलेला एक निकाल या प्रश्नाला थेट भिडतो.

गाडी होती बेंटली स्पीड सिक्स, सहा सिलिंडर आणि साडेसहा लिटरचे इंजिन असलेली. १९२९ मध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तिच्यावर १ हा आकडा रंगवलेला होता. वूल्फ बर्नाटो आणि टिम बर्किन यांनी तिच्यावर शर्यत जिंकली. पहिले चारही क्रमांक बेंटलीनेच घेतले. पुढच्या वर्षी बर्नाटोने ग्लेन किडस्टनच्या साथीने याच गाडीवर पुन्हा ल माँ मारली. या वेळी आकडा ४ होता, पण गाडीला नाव चिकटले ते ‘ओल्ड नंबर वन’. हिऱ्यांच्या व्यापारातली वडिलोपार्जित संपत्ती बर्नाटोने बेंटलीत ओतली होती आणि कंपनीचा अध्यक्षही तोच होता.

१९३१ मध्ये कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसकडे गेली. गाडी मात्र थांबली नाही. त्याच वर्षी जॅक डन्फी आणि सिरिल पॉल यांनी तिच्यावर ब्रुकलंड्सची ५०० मैलांची शर्यत जिंकली. १९३२ मध्ये त्याच शर्यतीसाठी तिला आठ लिटरचे इंजिन आणि चार लिटर बेंटलीची चासी मिळाली. जॅकचा भाऊ क्लाइव्ह चालवत असताना गाडी ट्रॅकच्या उंच उतरत्या कडेवरून पलीकडे गेली आणि क्लाइव्ह जागीच ठार झाला. त्यानंतर ती पुन्हा बांधली गेली आणि तिच्यावर बंद कूपे बॉडी चढली.

एप्रिल १९९० मध्ये तिचा एक कोटी पौंडांना सौदा झाला. पुढे खरेदीदार कंपनी मागे हटली. ही खरी ‘ओल्ड नंबर वन’ नाहीच, असे तिचे म्हणणे. मालक न्यायालयात गेला.

न्यायमूर्ती ऑटन यांनी गाडीचा एकेक भाग तपासला, आणि त्यांचा हा हिशेब मला फार मोलाचा वाटतो. १९२९ च्या गाडीतले, काळ ठरवता न येणारे किरकोळ भाग सोडले, तर काहीच उरले नव्हते. १९३० च्या गाडीतला पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंग कॉलम एवढेच शिल्लक होते. १९३२ ची चासी आणि इंजिन मात्र बरेचसे टिकले होते. एवढे होऊनही निकाल मालकाच्या बाजूने लागला. भाग हळूहळू, एकामागून एक बदलत गेले. गाडी कधीच नाहीशी झाली नाही, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी बेंटली जगात नाही, हा त्यामागचा आधार. विकली जात होती ती धातूसोबत तिची कीर्ती आणि इतिहासही.

हा निकाल मला पटतो, पण एका अटीवर. ‘तीच गाडी’ म्हणण्याचा अधिकार अखंड साखळीने मिळतो, तर ती साखळी कागदाने सिद्ध झाली पाहिजे. कारखान्याची नोंदवही, शर्यतींच्या प्रवेशयाद्या, लॉगबुकातली मालकांची नावे, प्रत्येक मोसमातली छायाचित्रे. बॉनेटवरचे पट्टे आणि रिव्हेटांच्या ओळी दोन छायाचित्रांत जुळतात का, हे भिंग घेऊन पाहणारा माणूस निव्वळ छंदिष्ट नसतो; कोणता भाग कोणत्या वर्षी आला, हे त्याच्यामुळेच ठरते. आणि मधली दहा वर्षे कोरी असतील, तर चासीवरचा सुबक क्रमांक कितीही पटो, मी त्या गाडीला तिच्या पदकांचे श्रेय देणार नाही. विक्रेत्यानेही ‘हे भाग १९३० चे, हे नंतरचे’ असे उघड लिहून द्यायला हवे. तुमच्या ओळखीत कोणाकडे जुनी गाडी असेल, तर काढून टाकलेले भाग भंगारात देऊ नका आणि गॅरेजची जुनी बिले जपून ठेवा, एवढे त्यांना जरूर सांगा.

पुढच्या आठवड्यात : एकाच चासी क्रमांकावर हक्क सांगणाऱ्या दोन गाड्या कशा तयार होतात.