काटकसर शिकवते कोण?

धार-देवास म्हटले की आपल्याला पवारांच्या गाद्या आठवतात, आणि कुमार गंधर्व. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे कुमारजी १९४८ साली देवासला गेले आणि माळव्याचेच झाले. हल्लीची मुले काही जपून वापरत नाहीत, अशी तक्रार घरोघरी ऐकतो. ही सवय लागते कशी, याचे उत्तर मला त्याच मुलखात सापडते.

माळवा एकेकाळी पाण्याने समृद्ध म्हणून ओळखला जाई. पण बोअर वाढले, जुन्या तळ्यांची निगा सुटली आणि जमिनीतले पाणी खोल गेले. एप्रिल १९९० मध्ये तर देवासला इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले! पुढे २००६ पासून तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना आपापल्या शेतात तळी खोदायला प्रवृत्त केले. जिल्ह्यात हजारो तळी झाली. पिकाची जमीन वडिलांनी तळ्यासाठी सोडलेली ज्या मुलाने पाहिली, त्याला पाण्याची किंमत भाषणातून सांगावी लागत नाही.

धार जिल्ह्यातल्या बाघ गावी हीच गोष्ट कापडाची. तिथले खत्री कारागीर लाकडी ठशांनी छपाई करतात. कापड आधी धुवायचे, हिरड्याच्या पाण्यात बुडवायचे. लाल रंगासाठी तुरटी, काळ्यासाठी गंजलेले लोखंड. छापून झाले की नदीच्या वाहत्या पाण्यात धुवायचे, मग कढईत उकळायचे. एका चादरीमागची ही खटपट पाहिलेला मुलगा ती जराशी विटली म्हणून टाकून देणार नाही.

जाहिराती आणि मित्रांची बरोबरी यांची ओढ मोठी असते, हे खरेच. चांगला चालणारा मोबाईलही मुलांना जुना वाटतो. त्या ओढीपुढे नुसता उपदेश टिकत नाही. टिकते ते घरात रोज दिसणारे वागणे आणि वस्तू कशी तयार होते याची ओळख.

आपल्या घरांत आजी ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ म्हणते, तर अज्जी ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’. दोन्ही भाषांत शहाणपण एकच. पण राकसकोपची पातळी उतरल्याची बातमी वाचत आपणच नळ वाहता ठेवला, तर मुले म्हण विसरतील आणि नळ लक्षात ठेवतील. या सुट्टीत त्यांना एखादे तळे, एखादा हातमाग दाखवा. आणि घरातली फाटकी चादर त्यांच्यादेखत शिवा.